‘प्रवेशाची दाट शक्यता’ असे पत्र आले, तर किती विश्वास ठेवावा?

नाशिकच्या एका वडिलांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांची मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून तिने डिसेंबरअखेर अमेरिकेतील नऊ विद्यापीठांत पदवी अभ्यासक्रमासाठी अर्ज केले. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात, ऐन बोर्डाच्या परीक्षेत, आयव्ही लीगमधील एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाकडून पत्र आले आणि त्यात तिला प्रवेश मिळण्याची दाट शक्यता असल्याचे लिहिले आहे. दुसऱ्या एका विद्यापीठाच्या माजी विद्यार्थ्याने घेतलेली मुलाखत दीड तास चालली आणि शेवटी ‘कॅम्पसवर भेटूच’ असे तो म्हणाला. तिसऱ्या विद्यापीठाने वडिलांचे प्राप्तिकर विवरणपत्र दुसऱ्यांदा मागवले. चौथ्या ठिकाणच्या एका प्राध्यापकांनी तिच्या ईमेलला आपुलकीने सविस्तर उत्तर दिले. यांतील कोणती गोष्ट प्रवेशाची खूण समजावी, आणि एप्रिलमधील जेईई मेनचे दुसरे सत्र व एमएचटी-सीईटी सोडून द्यावी का?

आधी उत्तर देतो आणि मग कारणे सांगतो. चार गोष्टींपैकी पहिली खरी खूण आहे, उरलेल्या तिन्हींना मी शून्य गुण देईन, आणि पहिली खरी असली तरी सीईटी सोडू नये. पुण्यात बसून गेली एकवीस वर्षे मी मुलांचे परदेशी अर्ज हाताळतो आहे. या काळात पालकांनी माझ्यासमोर ठेवलेल्या ‘खुणा’ मी एकाच कसोटीवर घासून पाहत आलो आहे: हे लिहिणाऱ्याला प्रवेश देण्याचा अधिकार आहे का, आणि उद्या त्याने शब्द फिरवला तर त्याच्या संस्थेचे काही नुकसान होईल का? दोन्हींचे उत्तर ‘होय’ असेल, तरच त्या कागदाला वजन आहे.

आपल्या मुलीला आलेल्या पत्राला तिकडे ‘लाइकली लेटर’ म्हणतात. हा एखाद्या अधिकाऱ्याच्या मनात आलेला कौतुकाचा प्रकार नव्हे, त्यामागे लेखी नियम आहेत. ब्राउन, कोलंबिया, कॉर्नेल, डार्टमथ, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया, प्रिन्स्टन आणि येल या आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांचे प्रवेशाबाबतचे एक समान निवेदन आहे. नियमित फेरीचे निकाल ती मार्चच्या अखेरीस एकाच दिवशी, एकाच वेळी जाहीर करतात. मात्र बारावीच्या वर्षातील 1 ऑक्टोबरनंतर आणि अधिकृत निकालाच्या आधी, एखाद्या उमेदवाराला त्याच्या प्रवेशाची शक्यता लेखी कळवण्याची मुभा त्याच निवेदनाने दिलेली आहे. असे ‘लाइकली’ पत्र फक्त प्रवेश कार्यालयच पाठवू शकते, आणि विद्यार्थ्याची शाळेतील कामगिरी समाधानकारक राहिली तर त्या पत्राला प्रवेशपत्राइतकाच अर्थ आहे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. म्हणजे शब्द ‘शक्यता’ असला, तरी आठही विद्यापीठांनी एकमेकांसमोर मान्य केलेला त्याचा अर्थ ‘प्रवेश’ असाच आहे. कारण नसताना असे पत्र मागे घेणाऱ्या विद्यापीठाची पत पुढच्या वर्षी उमेदवारांपुढे आणि शेजारच्या सात विद्यापीठांपुढेही जाईल. माझ्या कसोटीतील दुसरी अट पूर्ण होते ती या ठिकाणी.

ही प्रथा मुख्यतः खेळाडूंमुळे रुळली. आयव्ही लीगची विद्यापीठे 1954 च्या आपसांतील करारापासून क्रीडा शिष्यवृत्ती देत नाहीत. स्टॅनफर्ड किंवा ड्यूकसारखे विद्यापीठ एखाद्या जलतरणपटूसमोर शिष्यवृत्तीचा करार ठेवते, तेव्हा ‘मार्चअखेरपर्यंत थांब, मग सांगतो’ असे उत्तर देऊन आयव्हीचा कोच त्या मुलाला धरून ठेवू शकत नाही. म्हणून प्रवेश कार्यालयाने अर्ज लवकर वाचून लेखी हमी देण्याची वाट काढण्यात आली. भारतातून या वाटेने जाणारे बहुतेक जण स्क्वॉशचे खेळाडू असतात. कोलकात्याचा रमित टंडन कोलंबियाकडून खेळला हे क्रीडारसिकांना आठवत असेल. मुंबईच्या क्लबांमधूनही दरवर्षी काही मुले या मार्गाच्या मागे असतात.

पुढे तीच सोय खेळाशी संबंध नसलेल्या, पण विद्यापीठाला काहीही करून हव्या असलेल्या विद्यार्थ्यांसाठी वापरली जाऊ लागली. येल विज्ञान व अभियांत्रिकीकडे ओढा असलेल्या निवडक अर्जदारांना आधीच पत्र पाठवून कॅम्पसवरील एका विशेष शनिवार-रविवारसाठी बोलावते. इतर आयव्ही विद्यापीठेही कमी-अधिक प्रमाणात अशी पत्रे पाठवतात. आयव्हीच्या बाहेर ड्यूक तसे करते, आणि विल्यम्ससारख्या लहान पण अतिशय निवडक महाविद्यालयात याच धर्तीच्या पत्राला ‘अर्ली राइट’ असे नाव आहे. यामागचा हिशेब साधा आहे. प्रवेश दिलेल्यांपैकी किती जण प्रत्यक्ष येतात या प्रमाणाला तिकडे ‘यील्ड’ म्हणतात, आणि ज्या मुलीला आणखी चार ठिकाणांहून बोलावणे येणार हे उघड आहे, तिच्या मनात एक महिना आधी घर करून बसणे विद्यापीठाला परवडते. असे पत्र मूठभरांनाच जाते, आणि ते न आल्याचा कोणताही अर्थ निघत नाही. प्रवेश मिळालेल्या बहुसंख्य मुलांना निकालाच्या दिवसापर्यंत एक ओळही आलेली नसते. हे वाक्य मी मुद्दाम लिहितो आहे, कारण आपल्या मुलीच्या वर्गातील इतर अर्जदारांचे पालक हे पत्र पाहून त्या रात्री झोपणार नाहीत.

आता ते पत्र पुन्हा एकदा हातात घ्या आणि शब्द न् शब्द वाचा. पहिल्या परिच्छेदात बहुधा कौतुक असेल आणि तिच्या निबंधातील किंवा शिफारसपत्रातील एखाद्या गोष्टीचा नेमका उल्लेख असेल. तो उल्लेख असणे चांगले, कारण अर्ज खरोखर वाचला गेल्याची ती खूण आहे. त्यानंतर ‘शक्यता’ सांगणारे वाक्य येते आणि अधिकृत निकाल कोणत्या तारखेला पोर्टलवर दिसेल ते येते. खरे वजन शेवटून दुसऱ्या वाक्यात असते, आणि पालक नेमके तेच वाचत नाहीत: अभ्यासातील आणि वर्तणुकीतील सध्याची पातळी कायम राहावी, अशी अट तिथे घातलेली असते. खाली सही कोणाची आहे ते पाहा. प्रवेश विभागाचे डीन किंवा संचालक असतील तर प्रश्न मिटला. पत्र ज्या पत्त्यावरून आले तो पत्ता विद्यापीठाच्याच डोमेनचा आहे ना, हेही तपासा. शंका वाटली तर प्रवेश कार्यालयाच्या संकेतस्थळावर दिलेल्या क्रमांकावर शाळेच्या काउन्सेलरमार्फत एक फोन करावा. त्यात काहीही गैर नाही.

वर्तणुकीची अट कागदोपत्री आहे असे समजू नका. हार्वर्डने 2017 मध्ये रीतसर प्रवेश मिळालेल्या किमान दहा मुलांचे प्रवेश रद्द केले, कारण त्यांनी एका खाजगी फेसबुक गटात अत्यंत आक्षेपार्ह मजकूर टाकला होता. अभ्यासाची अट आपल्या मुलांना वेगळ्या वाटेने भोवते. अर्जासोबत शाळेने बारावीचे अपेक्षित गुण कळवलेले असतात, आणि आपल्याकडची शाळा ते हात सैल सोडून देते. बोर्डाचा निकाल मेच्या सुमारास लागतो आणि अंतिम गुणपत्रिका विद्यापीठाला पाठवावी लागते. 95 टक्क्यांच्या अंदाजावर प्रवेश घेतलेल्या माझ्या एका विद्यार्थ्याला बोर्डात 79 टक्के मिळाले, तेव्हा जूनमध्ये विद्यापीठाने कारण विचारले. घरी मोठे आजारपण होते, त्याचे कागद होते, शाळेने पत्र दिले, म्हणून निभावले. आपल्या मुलीचे पत्र ऐन परीक्षेत आले आहे, आणि त्या आनंदात रसायनशास्त्राचा पेपर हलक्यात घेणे ही त्या पत्राला धोका पोहोचवण्याची सर्वांत सोपी रीत आहे.

खेळाडूंच्या पालकांसाठी थोडे विषयांतर करतो, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी सर्वांत कडू तक्रारी याच प्रकारातल्या असतात. कोच उत्साहाने बोलतो, ‘तू आमच्या यादीत आहेस’ म्हणतो, मुलाला व्हिडिओ कॉलवर संघाशी ओळख करून देतो, आणि घरचे लोक त्यालाच प्रवेश समजतात. कोचच्या हातात प्रवेश नसतो, शिफारस असते. त्याच्याकडे काही मोजक्या नावांना पाठिंबा देण्याची मर्यादा असते, आणि तो तेवढ्यापेक्षा जास्त मुलांशी गोड बोलत असतो, कारण त्यातली काही मुले दुसरीकडे जाणार हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. त्यामुळे त्याला विचारण्याचा प्रश्न ‘मी तुम्हाला आवडलो का’ हा नसून ‘माझे गुण आणि चाचणीचे आकडे प्रवेश कार्यालयाने पाहिले आहेत का आणि त्यांचे म्हणणे काय’ हा आहे. या पूर्वतपासणीला ‘प्री-रीड’ म्हणतात आणि ती अर्जाआधीच्या उन्हाळ्यातही होऊ शकते. पूर्वतपासणी अनुकूल, कोचचा पाठिंबा लेखी कळवलेला, आणि त्यानंतर प्रवेश कार्यालयाचे लाइकली लेटर, अशी साखळी पूर्ण झाली तरच निश्चिंत व्हावे. प्रवेशात वंशाचा विचार करण्यावरून हार्वर्डविरुद्ध चाललेल्या खटल्यात 2018 मध्ये जी आकडेवारी न्यायालयासमोर आली, तीत खेळासाठी हेरलेल्या उमेदवारांचे प्रवेशाचे प्रमाण सुमारे 86 टक्के होते. हे प्रमाण अफाट आहे, पण ते साखळीच्या शेवटच्या कडीपर्यंत पोहोचलेल्यांचे आहे, कोचशी चार वेळा बोललेल्या सर्वांचे नाही. आणखी एक गोष्ट आयव्हीच्या नियमांत आहे व पालकांना ती माहीत नसते: लाइकली लेटर किंवा स्वतःचा पाठिंबा देण्याच्या बदल्यात ‘आमच्याकडेच येईन असे वचन दे’ किंवा ‘बाकीचे अर्ज मागे घे’ असे कोचने सांगणे नियमबाह्य आहे. तो आवड विचारू शकतो, अट घालू शकत नाही. 2019 मध्ये काही कोचांनी लाच घेऊन खोट्या खेळाडूंना आत सोडल्याचे प्रकरण अमेरिकेत उघडकीस आले, तेव्हापासून तर कोचच्या शब्दावर प्रवेश कार्यालये आंधळा विश्वास टाकत नाहीत. आपणही टाकू नये.

त्याच हार्वर्ड खटल्यातून आणखी एक गोष्ट बाहेर आली, आणि ‘आतून कळले आहे’ असे सांगणाऱ्या प्रत्येक ओळखीच्या माणसासमोर मी ती ठेवतो. अर्ज आधी प्रदेशवार उपसमित्यांमध्ये वाचले जातात, मग पूर्ण समितीपुढे मतदान होते, आणि त्यातून तात्पुरत्या निवडीची यादी तयार होते. ही यादी नेहमी जागांपेक्षा मोठी असते. मार्चच्या शेवटच्या दिवसांत तिची छाटणी होते, आणि या छाटणीला तिथल्या बोलीत ‘लॉप’ म्हणत असत. म्हणजे एखाद्याच्या नावावर समितीचे अनुकूल मत पडल्याची बातमी अगदी खरी असली, तरी ते नाव अखेरच्या छाटणीत जाऊ शकते. 2021 च्या फेरीत हार्वर्डकडे 57,435 अर्ज आले आणि 1,968 जणांना प्रवेश मिळाला. इतक्या अरुंद दारापाशी ‘जवळजवळ आत’ या शब्दांना अर्थ उरत नाही. लाइकली लेटरचे महत्त्व यातूनच कळते: ज्या नावावर पत्र गेले आहे, ते नाव छाटणीच्या कात्रीबाहेर ठेवलेले असते.

आता माजी विद्यार्थ्याच्या मुलाखतीकडे येऊ. मुलाखत घेणारा हा स्वयंसेवक असतो. तो आपल्या नोकरीतून वेळ काढून, मुंबईत किंवा बंगळुरूत किंवा झूमवर, वाट्याला आलेल्या मुलांशी बोलतो आणि एक-दोन पानी अहवाल पाठवतो. उमेदवाराचे गुण, निबंध, शिफारसपत्रे यांतले बहुधा काहीही त्याने पाहिलेले नसते. समितीचे काय चालले आहे हे त्याला माहीत नसते, आणि आपण शिफारस केलेल्यांपैकी बहुतेक जण नाकारले जातात हे पाहून त्यातले अनेक जण दरवर्षी खट्टू होतात. मुलाखतीचे बोलावणे येणे हे पुष्कळदा त्या शहरात कोण स्वयंसेवक मोकळा आहे यावर ठरते. येल तर उघड सांगते की ज्यांच्याविषयी समितीला अधिक माहिती हवी आहे त्यांना मुलाखतीत प्राधान्य दिले जाते, म्हणजे बोलावणे हे ‘अजून ठरलेले नाही’ याचेही लक्षण असू शकते. दीड तासाची मुलाखत चांगली झाली, मुलीला बोलताना मजा आली, याचे समाधान जरूर माना. ‘कॅम्पसवर भेटूच’ हा मात्र निरोपाचा शिष्टाचार आहे, आपल्याकडे दारात ‘या हं पुन्हा’ म्हणतात तसा.

मुलाखतीच्या बाबतीत एक अपवाद सांगितला पाहिजे. शिष्यवृत्तीसाठी विद्यापीठाने स्वतः निवडून बोलावलेल्या मुलाखतीची जात वेगळी आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या गुणवत्ता शिष्यवृत्तीसाठी अंतिम यादीत नाव आले, तर प्रवेश झालेला असतो. बर्कलीच्या रीजंट्स शिष्यवृत्तीचे फेब्रुवारीतील बोलावणे हेही अनुभवी लोक प्रवेशाची जवळजवळ खात्री म्हणूनच वाचतात, कारण ज्याला प्रवेश द्यायचा नाही त्याच्यावर शिष्यवृत्ती समितीचा वेळ कोण घालवील?

प्राप्तिकर विवरणपत्र पुन्हा मागवण्याचा प्रकार पालकांना सर्वांत फसवा ठरतो, कारण ‘पैशाचे विचारतात म्हणजे आत घेतलेच असणार’ हा तर्क आपल्या व्यवहारात अगदी बरोबर असतो. लग्न ठरल्याशिवाय कोणी देण्याघेण्याचे बोलत नाही. पण अमेरिकन विद्यापीठात प्रवेश कार्यालय आणि आर्थिक साहाय्य कार्यालय शेजारी शेजारी, आपापल्या रांगेत काम करत असतात. निकालाच्या दिवशीच साहाय्याचा आकडा हातात असावा लागतो, म्हणून साहाय्य मागणाऱ्यांच्या फायली प्रवेशाचा निर्णय होण्याआधीच पूर्ण करून घेतल्या जातात. आपले विवरणपत्र बहुधा दुसऱ्यांदा मागवले गेले ते अगदी कोरड्या कारणाने: पहिल्या वेळी पाने अपुरी होती, किंवा मराठीतल्या एखाद्या दाखल्याचे भाषांतर जोडलेले नव्हते, किंवा शेतीचे उत्पन्न कुठल्या रकान्यात दाखवले ते त्यांना कळले नाही. नाशिककडच्या द्राक्षबागायतदारांच्या फायलींत हा शेवटचा गोंधळ मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता मी आधीच एक पानी खुलासा जोडून देतो. कागद लगेच आणि नीट पाठवा. त्यातून भविष्य वाचू नका. साहाय्य मागितल्याचा निर्णयावर परिणाम होतो की नाही हे विद्यापीठावर अवलंबून आहे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अॅमहर्स्ट, डार्टमथ अशी काही मोजकीच ठिकाणे परदेशी विद्यार्थ्यांच्या बाबतीतही ऐपत न पाहता निर्णय घेतात, इतर बहुतेक ठिकाणी ती पाहिली जाते.

प्राध्यापकांच्या ईमेलविषयी लिहिण्यासारखे फार नाही. पदवीच्या प्रवेशात त्यांचा सहसा काही हात नसतो, आणि चांगल्या प्रश्नाला चांगले उत्तर देणे हा त्यांचा स्वभाव असतो. पीएचडीच्या अर्जात चित्र उलटे आहे, तिथे भावी मार्गदर्शकाचा शब्द मोलाचा. घरातल्या मोठ्या चुलतभावाने आपल्या पीएचडीच्या अनुभवावरून आपल्याला सल्ला दिला असेल, तर गोंधळ तिथून आलेला असण्याची शक्यता आहे.

आपण विचारले नाही, पण आपली मुलगी रात्री पोर्टल उघडून बसत असणार, म्हणून तेही सांगतो. पोर्टलवरचा एखादा रकाना नाहीसा होणे, ‘अर्ज पूर्ण’ या ओळीचा रंग बदलणे, वसतिगृहाची लिंक उघडणे, यांवरून अंदाज बांधणारी मुले दरवर्षी भेटतात. काही तर संकेतस्थळाच्या मागचा कोड उलगडून पाहतात. 2005 मध्ये व्यवस्थापन शिक्षणाच्या काही नामवंत संस्थांच्या अर्जांचे काम एकाच ऑनलाइन यंत्रणेवर चालत होते, आणि पत्त्यात थोडा फेरफार करून निकाल आधी पाहण्याची युक्ती बाहेर फुटली. हार्वर्ड बिझनेस स्कूलने ती वापरणाऱ्या 119 अर्जदारांचे अर्ज सरसकट नाकारले. त्यातल्या कित्येकांना पडद्यावर कोरे पान दिसले होते. मुलीला हा प्रसंग जरूर ऐकवा.

आणि यंत्रणा स्वतःही चुकते. सॅन दिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने 2009 मध्ये नाकारलेल्या सुमारे 28,000 अर्जदारांना चुकून अभिनंदनाचा ईमेल पाठवला. जॉन्स हॉपकिन्सने डिसेंबर 2014 मध्ये नाकारलेल्या किंवा लांबणीवर टाकलेल्या जवळपास 300 जणांना स्वागताचा ईमेल पाठवला. कार्नेगी मेलनच्या संगणकशास्त्रातील एका पदव्युत्तर अभ्यासक्रमाने 2015 मध्ये सुमारे 800 जणांचे अभिनंदन करून काही तासांत ते मागे घेतले. यांतून माझी रीत ठरली आहे: घाऊक स्वरूपाचा, नाव बदलले तर कोणालाही चालेल असा ईमेल आला, तर पोर्टलवरील अधिकृत पत्र दिसेपर्यंत आजीला फोन करायचा नाही. आपल्या मुलीचे पत्र या जातीचे नाही, हे त्यातील तिच्या निबंधाच्या उल्लेखावरून आपण ओळखू शकाल. याउलट शरद ऋतूत येणारी ‘तुम्ही आमचे प्राधान्याचे उमेदवार आहात, अर्जाचे शुल्क माफ’ अशी रंगीत पत्रे ही निव्वळ जाहिरात असते. एसएटी या प्रवेश चाचणीच्या वेळी मुलांनी संमतीचा चौकोन खुणावलेला असतो, आणि ती चाचणी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाकडून विद्यापीठे नावांच्या याद्या विकत घेतात.

पुढच्या वर्षी अर्ज करणाऱ्या धाकट्या भावंडासाठी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. लवकर आणि पक्के उत्तर हवे असेल तर लाइकली लेटरची वाट पाहणे हा मार्ग नाही, अर्ली डिसिजन हा मार्ग आहे. 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत अर्ज, डिसेंबरच्या मध्यास निकाल, आणि प्रवेश मिळाला तर जायचेच, अशा करारावर विद्यार्थी, पालक आणि शाळेचा काउन्सेलर तिघांच्या सह्या असतात. आर्थिक साहाय्य पुरेसे नसेल तरच त्यातून सुटका मिळते, म्हणून पैशाची बाजू आधी नीट जुळवल्याशिवाय ती सही करू नये. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि स्टॅनफर्डची लवकरची फेरी बांधून घेणारी नाही, पण त्या काळात इतर खाजगी विद्यापीठांत लवकर अर्ज करण्यावर मर्यादा घालते. या फेऱ्यांत ‘डिफर’ असा शेरा आला, तर तो नकार नसतो. अर्ज नियमित फेरीत पुन्हा वाचला जातो, आणि तेव्हा जानेवारीतील सहामाही गुणपत्रिका व एक छोटे, माहितीने भरलेले पत्र उपयोगी पडते.

आता आपण काय करावे ते सांगतो. पत्राला मुलीने स्वतः दोन-चार ओळींचे आभाराचे उत्तर द्यावे. ‘मी नक्की येईन’ असे वचन त्यात देऊ नये, कारण ते कोणी मागितलेले नाही आणि इतर निकाल व साहाय्याचे आकडे अजून यायचे आहेत. त्या पत्रावर विद्यापीठ आय-20, म्हणजे विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा दाखला, देत नाही, आय-20 शिवाय व्हिसाची मुलाखत नाही, आणि बँकेचा शिक्षणकर्ज विभागही अधिकृत प्रवेशपत्रच मागेल. म्हणून कर्जाची चौकशी आजपासून करावी, अर्ज मार्चअखेर करावा. इतर आठ अर्ज मागे घेऊ नयेत. सर्व आकडे समोर मांडून 1 मेपर्यंत एकाच ठिकाणी डिपॉझिट भरायचे आहे.

जेईई आणि सीईटी देण्याचा माझा आग्रह विद्यापीठावरील अविश्वासातून आलेला नाही. पत्र पाळले जाईल याची मला खात्री आहे. मला धास्ती वाटते ती पुढच्या पायऱ्यांची. साहाय्याचा आकडा कमी आला, डॉलर वधारला, घरात काही घडले किंवा ऑगस्टच्या तोंडावर व्हिसा अडला, तर मुलीच्या हातात इथली एक जागा असली पाहिजे. काही वर्षांपूर्वी साताऱ्याकडच्या एका मुलीचा व्हिसा दोनदा नाकारला गेला. तिने केवळ आईच्या हट्टामुळे सीईटी दिली होती, आणि त्या गुणांवर ती पुण्यात अभियांत्रिकीला बसली. पुढच्या वर्षी विद्यापीठाने तिची जागा राखून ठेवल्याचे पत्र दिले आणि ती गेली. परीक्षेचे शुल्क आपण बहुधा भरलेच आहे. तयारी ढिली पडली तरी चालेल, पण केंद्रावर जाऊन बसावे.

निकालाचा दिवस मार्चच्या अखेरीस येईल. तिकडची संध्याकाळी सातची वेळ असली, तर आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजलेले असतील. एमआयटी गेली अनेक वर्षे 14 मार्चला संध्याकाळी 6 वाजून 28 मिनिटांनी निकाल लावते. मुलीच्या नऊ विद्यापीठांत तेही असेल तर घड्याळ पहाटे 3:58 चे लावावे लागेल, आणि तारखेत पाय (3.14) व वेळेत त्याची दुप्पट (6.28) गुंफणाऱ्या गणितज्ञांच्या या थट्टेवर त्या वेळी कोणाला हसू येत नाही. पोर्टल उघडल्यावर अधिकृत पत्राची पीडीएफ लगेच उतरवून घ्या आणि सर्वांत आधी त्यावरचे नाव तपासा. आपल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापलेले असते, पासपोर्टवर क्रम वेगळा असतो, आणि अर्ज भरताना वडिलांचे नाव कधी मधल्या नावाच्या चौकटीत जाते, तर कधी आडनावाला चिकटते. आय-20 याच नोंदीवरून तयार होतो. पासपोर्टशी एका अक्षराचा फरक दिसला तरी त्याच आठवड्यात प्रवेश कार्यालयाला पासपोर्टच्या पानाची प्रत पाठवून दुरुस्ती करून घ्या. मे महिन्यात हेच काम करायला गेलात, तर तीन-तीन आठवडे उत्तर येत नाही.